बाद झालेल्या मुलाने करायचं काय?

शुद्धलेखन शिकवायला लेखात सुचवलेले बाकी खेळ छान, पण 'चुकेल तो बाद' हा शुद्धलेखनाचा खेळ कसा, ते कळलं नाही. ज्याला सरावाची गरज तोच पहिल्या मिनिटाला भिंतीला टेकून बसणार! गोव्यात डिचोलीकडच्या माझ्या वर्गात (घरी सगळी कोंकणीच बोलतात) मी उलट करते. जो चुकतो त्यानेच फळ्यावरची चिठ्ठी बदलायची: 'फूल'चं 'फुलाला' झालं की दीर्घ ऊकार काढून ऱ्हस्व लाव. मीठ, मिठात. सूत, सुताने. हाच नियम पाठ करून घेतला तेव्हा कुणाच्या डोक्यात शिरला नव्हता.

गावांच्या नावांवर तर भांडणंच होतात. पणजी, साखळी, वाळपई, शेवटी सगळीकडे दीर्घ, हे पोरांनीच शोधलं. लगेच एकाने विचारलं, "बाई, मग 'आणि'ला ऱ्हस्व कशाला?"