पोरगं ट्रीटमेंट सोडून पळालं पाहिजे ना? मग हे करा

कोर्टाने एखादं सोळा-सतरा वर्षांचं पोरगं सुधारायला म्हणून तुमच्या गळ्यात मारलंय आणि ते अर्ध्यातनं निघून गेलं तर बरं असं वाटतंय? टेन्शन घेऊ नका, फार कष्ट पडत नाहीत.

पहिल्या भेटीत मान वर करायची नाही. कीबोर्ड बडवत विचारायचं, "काय केलंस ते नीट सांग." त्याने सांगितलं की पुढच्या वेळी काउन्सेलर बदला, त्यानेही पहिल्यापासून तेच विचारायचं, मग तिसऱ्याने. पोरगं "फाईलमध्ये लिहिलंय की" म्हणालं रे म्हणालं की नोंद टाका, 'उद्धट, सहकार्य करत नाही'.

एडवर्ड बोर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ सालीच मांडलंय की उपचारात दोघांचं ध्येय जुळावं लागतं, काय करायचं यावर एकमत लागतं आणि थोडा जिव्हाळा लागतो. लागू दे. आपण ध्येय आधीच छापून ठेवायचं, पोराने फक्त सही करायची.

मग वर्कशीट. ज्याची शाळा कधीच सुटलीय, जो अक्षराला अक्षर जोडून वाचतो, त्याला पाचसात पानी द्या, वर 'आपल्या विचारांतील विसंगती नोंदवा' असलं काहीतरी हवंच. तो कोरंच आणेल आणि "विसरलो" म्हणेल, कारण वाचता येत नाही हे चारचौघांत सांगण्यापेक्षा विसरलो म्हणणं सोपं. तुम्ही लिहा, 'मोटिव्हेशन नाही'.

सेशन नेमकं त्याच्या कामाच्या वेळेत ठेवा. आईला बोलवा, पण फक्त तक्रारी ऐकवायला.

ग्रुपमध्ये नवख्याला मुरलेल्यांच्या शेजारी बसवा. अशा पोरांना एकत्र ठेवलं की काही वेळा ती जास्तच बिघडतात असं डिशियन, मॅककॉर्ड वगैरे संशोधक मंडळींनी १९९९ मध्ये दाखवलंय. यात एकच धोका, दोस्ती जमली तर पोरगं टिकेलसुद्धा! पण ते तुमच्यासाठी नाही टिकणार, एवढं समाधान आहे.

खरी भीती वेगळीच. स्टाफमध्ये एखादी मॅडम असते, पोरगं आलं नाही की स्वतः फोन करते, "काय रे, बरा आहेस ना?" विचारते, उशिरा आलं तरी आत घेते. हिच्यामुळे पोरं टिकतात हो! हिची तातडीने बदली करा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

बाकी निसर्ग तुमच्या बाजूने आहेच. ज्याला गरज सगळ्यात जास्त तोच सहसा आधी गळतो, आणि अर्ध्यातनं गेलेले पुरं करणाऱ्यांपेक्षा जास्त प्रमाणात परत गुन्ह्यात सापडतात हे अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. म्हणून रिपोर्ट करताना गळालेल्यांची नावं आधी बाजूला काढा आणि मग टक्केवारी मांडा, कसली झकास येते बघा, फक्त 'कार्यक्रम पूर्ण केलेल्यांपैकी' एवढे शब्द खाली बारीक अक्षरात टाकायला विसरू नका, ग्रँटवाले तिथपर्यंत वाचत नाहीत.