‘जुना सेट गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. आमच्याकडे गिटारला नायलॉनच्या तारांचा नवा सेट बसवून नेल्यावर कार्यक्रमभर ती उतरत, म्हणजे बेसूर होत राहिली, दर गाण्यानंतर खुंट्या पिळाव्या लागल्या आणि तिसरी तार ॲम्पवर (आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरवर) दबलेली येत होती, असं तुम्ही लिहिलंय. भर स्टेजवर असं झालं की वाजवणाऱ्याचा जीव कसा अर्धा होतो ते मला ठाऊक आहे. तुम्हाला जो त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण ‘दुकानात पडून राहिलेला जुना सेट गळ्यात मारला’ हे वाक्य मला फार लागलं. माझ्या कामात चुका काढा, मी ऐकून घेईन. हे वाचून मात्र उद्या कुणीही दुकानाची पायरी चढताना दहादा विचार करेल, आणि माझं घर याच कामावर चालतं. म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

सर, तारा उतरत होत्या त्या नव्या होत्या म्हणून. जुनी नायलॉन तार अशी उतरत नाही. तिला जेवढं ताणायचं तेवढं ती कधीच ताणलेली असते. तिची रड वेगळी असते. आवाज मरतो, जाड तारांची चमक जाते, फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, घासून त्यांच्यावरचं धातूचं वेष्टन झिजतं, वरच्या फ्रेटवर सूर जुळत नाही. पण खुंटीला ती निमूट टिकते. नव्या तारेचं उलट, ती बसेपर्यंत, म्हणजे ताणणं थांबेपर्यंत, उतरत राहते. स्टीलची तार लवकर बसते, नायलॉनला चार-पाच दिवस सहज लागतात, कधी आठवडा. १९४०च्या दशकात आतड्याच्या तारा मिळेनाशा झाल्या तेव्हा वाद्य बनवणारे अल्बर्ट ऑगस्टीन यांनी प्रसिद्ध स्पॅनिश गिटारवादक सेगोवियांसाठी नायलॉनच्या तारा केल्या. तेव्हापासून तारा खूप सुधारल्या, पण नायलॉनचा ताणण्याचा गुण काही गेला नाही.

हे तुम्ही स्वतः पाहिलंय. पहिली तार ‘ई’ला लावली, ब्रिजवरची (गिटारच्या अंगावर तारा जिथे बांधतात तिथली) गाठ बघायला मी मान खाली घातली आणि वर बघेपर्यंत ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) जवळजवळ अर्धा स्वर खाली दाखवत होता. ‘अरे, ही तर उतरली,’ असं तुम्हीच म्हणालात. मग प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी बोटाने उचलून ताणली, पुन्हा सुरात लावली, पुन्हा ताणली. तीन फेऱ्या केल्या. पाकीटही सीलबंद होतं आणि ते तुमच्यासमोर काउंटरवर फोडलं होतं.

आता वेळेचं. तुम्ही शुक्रवारी रात्री दुकान बंद करायच्या वेळी आलात आणि कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी होता. मी तेव्हाच सांगितलं की पातळ तीन तारा, म्हणजे वेष्टन नसलेल्या पहिल्या तीन, चांगल्या आहेत, त्या राहू द्या, फक्त जाड तीन बदलू. पातळ तारांना बसायला जास्त वेळ लागतो आणि त्या टिकतातही जास्त. तुम्ही म्हणालात, ‘सगळ्याच बदला, मला फ्रेश सेट हवाय.’ रिव्ह्यूमध्ये हे कुठेच नाही. उलट ‘मालक शिकवत बसतात’ असं लिहिलंय. सर, मी शिकवत नव्हतो, तुमचा शनिवार वाचवायला बघत होतो.

‘मागितल्या त्या तारा दिल्या नाहीत’ हेही अर्धवट आहे. तुम्हाला स्टीलच्या तारा हव्या होत्या, कारण गिटार इलेक्ट्रिक आहे असं तुमचं म्हणणं. पण तिच्यात स्टीलच्याच तारा ओळखणारं चुंबकाचं पिकअप नाही, सॅडलखाली (ब्रिजवरच्या, तारा टेकतात त्या पट्टीखाली) पिएझोची, म्हणजे दाबाचं विजेत रूपांतर करणारी पट्टी आहे. ती तारेच्या कंपनाचा दाब ओळखते, तिला लोखंड लागत नाही. ॲकूस्टिकच्या स्टील सेटचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास जातो आणि नायलॉनचा ४०च्या आसपास असतो. नायलॉनसाठी केलेल्या गिटारवर स्टील चढवलं तर मान वाकते, ब्रिज उचकटतो. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल, पण ते पाप मी करणार नाही. तुम्हाला आवाज उजळ हवा होता, म्हणून तिसरी तार कार्बनची, म्हणजे फ्लोरोकार्बन नावाच्या प्लॅस्टिकची, सुचवली. साध्या नायलॉनची तिसरी जाड असते आणि बोथट वाजते. कार्बन जास्त घन असल्यामुळे तोच सूर पातळ तारेत मिळतो. पहिली-दुसरी नायलॉनचीच ठेवली, कारण पिएझोवर त्या आधीच टोकदार येतात. तिथेही कार्बन घातला असता तर आवाज कानाला टोचला असता. ही निवड मी आजही बदलणार नाही.

राहिली तिसरी तार दबल्याची गोष्ट. ती चूक माझी. घाईत मी सहाही तारा एकदम उतरवल्या. तसं केलं की सॅडलवरचा दाब सुटतो, आणि परत बसताना ते कणभर जरी तिरकं बसलं तरी एखाद्या तारेचा दाब पट्टीवर नीट पोचत नाही. एकेक तार बदलायला हवी होती आणि गिटार हातात देण्याआधी सहाही तारा ॲम्पवर ऐकायला हव्या होत्या. इथून पुढे याची काळजी घेऊ, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी येणाऱ्या कामांचंही काहीतरी ठरवू.

तुम्ही गिटार घेऊन या, सॅडल काढून नीट बसवून देतो. त्याचे पैसे घेणार नाही. एव्हाना तारा बसल्या असतील, तेव्हा एकदा वाजवून बघा आणि मग त्या वाक्याचा विचार करा, एवढी विनंती आहे. तुमच्या उतरवलेल्या सहा तारा मी त्याच नव्या सेटच्या रिकाम्या पाकिटात जपून ठेवल्यात. त्यातली चौथी जरा उजेडात धरून बघा. दुसऱ्या फ्रेटच्या जागी वेष्टन झिजून आतले नायलॉनचे धागे दिसतायत. जुनी तार अशी असते, सर.