पऱ्हाटीतलं सोनं आणि सरकीचा हिशेब

कापसाची वेचणी संपत आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सरकी, म्हणजे कापसाचं बी, जिनिंगवाल्याच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्याच्या) घशात फुकट जाते, पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली कपाशीची सुकी झाडं, विकली तर एकरी चांगले पैसे सुटतात, त्यासाठी सरकार लाखांनी अनुदान देतं आणि आपला शेतकरी मात्र आळसापोटी सगळं जाळून टाकतो. शेवटी हात जोडलेले असतात आणि 'पुढे पाठवा' असं लिहिलेलं असतं. पाठवण्याआधी एकेक मुद्दा बघू.

सरकी फुकट जाते, हे सपशेल खोटं आहे. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते, 64 किलोच्या आसपास सरकी आणि उरलेली घट. जिनवाला भाव काढतो तो रुई आणि सरकी दोन्ही धरून, पिळाईचा, म्हणजे सरकी वेगळी करण्याचा, खर्च वजा करून. समजा सरकी 3,500 रुपये क्विंटल आहे, तर त्या 64 किलोचे 2,240 रुपये झाले. ही रक्कम तुमच्या कापसाच्या भावातच असते. म्हणून तर बाजारात सरकीचा भाव तुटला की दुसऱ्या दिवशी कापसाचाही तुटतो. सीसीआय, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळ, हमीभावाने कापूस घेते तेव्हा तीसुद्धा रुईच्या गाठींबरोबर सरकी विकतेच. तुम्हाला भाव कमी मिळाला अशी तक्रार असेल तर ती जरूर करा, पण भांडण उताऱ्यावर (क्विंटलमागे किती रुई निघाली यावर), ओलाव्याच्या कटतीवर आणि वजनावर करा.

पैसा खरंच गळतो तो तेलाच्या गिरणीत, आणि त्याबद्दल त्या मजकुरात एक अक्षर नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सरकी टरफलासकट, वरच्या बारीक तंतूंसकट सरळ एक्सपेलरमध्ये, म्हणजे दाबून तेल काढणाऱ्या यंत्रात, घालतात. तेल निघतं 11-12 टक्के. तंतू काढून, टरफल सोलून, गराचं तेल द्रावकाने काढलं तर 16 ते 18 टक्क्यांपर्यंत जातं. शिवाय वेगळे झालेले तंतू म्हणजे लिंटर. त्याच्यापासून सेल्युलोज आणि पुढे नायट्रोसेल्युलोज बनतं. टरफलही विकलं जातं.

मग गिरण्या हे का करत नाहीत? कारण उरलेलं तेल ढेपीत, म्हणजे जनावरांना घालतात त्या चोथ्यात, जातं आणि गवळ्याला तीच ढेप हवी असते. दुकानात ढेपीचा तुकडा मोडून, बोटांवर चोळून तेलकटपणा बघणारं गिऱ्हाईक तुम्हीही पाहिलं असेल. सोललेल्या सरकीच्या ढेपीत प्रथिनं जवळपास 40 टक्के असतात, नेहमीच्या ढेपीत 22-24. तरी कोरडी ढेप 'बिनदमाची' ठरते. (दुधाला फॅट लागतं या हिशेबाने गवळी अगदीच चुकत नाही, पण इतकं महाग तेल गाईला पाजायचं का, हा प्रश्न उरतोच.) सरकारला हे ठाऊक नाही असंही नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या 10,103 कोटींच्या खाद्यतेल-तेलबिया अभियानात सरकी आणि भाताचा कोंडा हे दुय्यम स्रोत म्हणून घेतले आहेत. पण गिऱ्हाइकाची पसंती बदलेपर्यंत नुसत्या यंत्राच्या अनुदानावर गिरणीवाला हलणार नाही.

आता पऱ्हाटी. हेक्टरी दोन-तीन टन, म्हणजे एकरी टनभर निघते, इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. तिच्यापासून ब्रिकेट आणि पेलेट (दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या-गोळ्या), पार्टिकल बोर्ड होतात, अळिंबीही घेता येते. मुंबईच्या सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने हे तंत्र केव्हाच सिद्ध केलंय. अडतं ते शेतापासून कारखान्यापर्यंत. चिमट्याने एकेक झाड उपटायचं, तेही गहू-हरभऱ्याच्या गडबडीत मजूर मिळत नसताना. ट्रॉली भरते डोंगराएवढी आणि काट्यावर वजन भरतं किरकोळ. बारीक केल्याशिवाय वाहतूक परवडत नाही आणि बारीक करायला श्रेडर लागतो. तो भाड्याने आणला की टनाच्या भावातला मोठा हिस्सा त्याचाच.

आळसाचा आरोप तर चीड आणणारा आहे. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्याचा कापूस खाल्ला, तेव्हापासून कृषी खातंच सांगतं की फरदड (तेच झाड ठेवून घेतलेलं पुढचं पीक) घेऊ नका, हंगाम संपला की पऱ्हाटी काढा, बांधावर गंजी लावू नका. पऱ्हाटीवर राहिलेलं एखादं सुकं, किडकं बोंड फोडून बघा. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर आत अळी झोपलेली असते, पुढच्या पावसाची वाट बघत. म्हणजे कारखान्याचा ट्रक येईल म्हणून जूनपर्यंत ढीग सांभाळायचा, तर गावभर अळी वाटायची. जाळणं चांगलं नाहीच, जमिनीत कुट्टी घालणं केव्हाही बरं. पण जाळणाऱ्याला अडाणी म्हणण्याआधी त्याच्यासमोरचे पर्याय मोजा.

राहिलं अनुदान. ते आहे. केंद्राच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात 2022 साली ब्रिकेट-पेलेट प्रकल्पाला ताशी एक टन क्षमतेमागे 9 लाख, कमाल 45 लाख रुपये ठरले, नंतर पेलेटसाठी मदत वाढवली. औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ठरावीक प्रमाणात पेलेट मिसळण्याचं बंधन आहे. त्यामुळे मागणीही तयार झाली. पण यातला रुपयाही पऱ्हाटी उपटणाऱ्याच्या नावावर नाही. पैसा यंत्राला मिळतो, कच्च्या मालाच्या भावाला नाही. मदत देताना इतकीच अट घाला: प्रकल्पाच्या मालकाने जानेवारी-फेब्रुवारीतच बांधावर श्रेडर आणून कुट्टी तिथेच तोलायची आणि टनाचा भाव हंगामाआधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा.