सेल्फी कॅमेऱ्यापुढे मान हलवून चक्करेचं निदान होत नाही

चालताना दुकानांच्या पाट्या हलतात, मान वळवली की नजर धूसर होते, अशा तक्रारींवर एक मेसेज फिरतोय: सेल्फी कॅमेऱ्यापुढे ठिपक्याकडे बघत मान डावी-उजवीकडे हलवा, ॲप डोळे टिपेल. रिपोर्ट नॉर्मल आला तर काळजी नको, चष्म्याचा नंबर तपासा.

आधी ‘ॲप डोळे टिपेल’ हे पाहू. मान फिरताच डोळे तेवढेच उलट फिरवणारी प्रतिक्षिप्त क्रिया आतल्या कानातून सुरू होते, तीही सुमारे 10 मिलिसेकंदांत. सेल्फी कॅमेरा बहुधा सेकंदाला 30 चित्रं घेतो. खऱ्या तपासणीत मानेला दिला जाणारा झटका 150 ते 200 मिलिसेकंदांचा, म्हणजे हाती पाच-सहा चित्रं. क्रिया कमजोर असली की डोळा मागे पडतो आणि उडी मारून ठिपका गाठतो. ही उडी मान फिरतानाच झाली तर ती एवढ्या थोड्या चित्रांत सापडत नाही. म्हणून खऱ्या तपासणीत डोळ्यांवर लावतात त्या गॉगलमधला कॅमेरा सेकंदाला 250 चित्रं घेतो, तेही इन्फ्रारेड उजेडात. आपल्या गडद तपकिरी बुबुळात काळी बाहुली एरवी उठून दिसत नाही. इन्फ्रारेडमध्ये बुबुळ राखाडी होतं, बाहुली काळीच राहते.

‘मान स्वतःच हलवा’ यानेही घोळ होतो. झटका कधी येणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं, आणि हळू हालचालीत नजरेने पाठलाग करणारी यंत्रणा कमजोरी झाकते. खरी तपासणी मागे उभा असलेला माणूस करतो: ठिपका मीटरभर लांब, झटका 10 ते 20 अंशांचा, वेगवान, अनपेक्षित. गॉगलच्या पट्ट्याला हात लागून तो सरकला तर आकडा खोटा येतो. मानेला इजा असेल तर झटके द्यायचेच नाहीत.

तिरळेपणा असेल तर प्रत्येक डोळ्याचं कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याची डोळ्याशी जुळवणी) वेगळं, दुसरा झाकून करावं लागतं. दृष्टिपटलाचा मधला भाग गेलेला माणूस कडेने बघतो, त्याला ठिपका मोठा हवा. चष्म्यावरची चमक डोळे टिपणाऱ्या ॲपला फसवते.

सगळ्यांत घातक वाक्य ‘नॉर्मल म्हणजे काळजी नको’ हे आहे. चक्कर थांबतच नाही, डोळे आपोआप हलताहेत आणि ही झटक्याची तपासणी मात्र नॉर्मल, अशा वेळी मेंदूच्या मागच्या भागातल्या स्ट्रोकचा संशय बळावतो; कानाच्या नसेला सूज असती तर ती बिघडलेली आली असती. एकाचे दोन दिसणं, बोबडी वळणं, उभं न राहता येणं यांपैकी काहीही असेल तर लगेच हॉस्पिटल गाठा.

आणि नंबरचं म्हणाल, तर आधी चष्मा लावून नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता वाचा, मग कुणीतरी डोकं सेकंदाला दोनदा डावी-उजवीकडे हलवत असताना वाचा. तीन किंवा जास्त ओळी कमी झाल्या तर दोष नंबरचा नसून बहुधा आतल्या कानाचा. आतल्या कानाला इजा करू शकणाऱ्या जेंटामायसिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.