डायमॉक्स आणि कॉर्डोमा: फोंड्याच्या ताईंना उत्तर

ताई, डायमॉक्स (काचबिंदूवर वगैरे देतात ती ॲसिटाझोलामाइडची गोळी) हा ट्यूमरवरचा उपचार नव्हे, असं मी लेखात लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं, 'संशोधन चालू असताना तुम्ही लोकांची आशा मारता. गोळी स्वस्त म्हणून कंपन्या गप्प आहेत आणि तुम्हीही.' भावाच्या कवटीच्या तळाशी कॉर्डोमा, म्हणजे हाडातला एक दुर्मिळ कर्करोग, ऑपरेशननंतरही थोडा उरलेला. तुमचा जीव टांगणीला लागणारच. कंपन्यांबद्दलचं तुमचं बोलणं बरंचसं खरं आहे. 1950 च्या दशकातल्या, पेटंट कधीच संपलेल्या गोळीच्या मोठ्या चाचणीवर पैसा घालायला सहसा कुणी पुढे येत नाही, आणि याची मलाही चीड येते. पण चाचणी झाली नाही म्हणून गुण सिद्ध होत नाही.

डायमॉक्सने ट्यूमरला आवर घालायची कल्पना पोकळ नाही. ट्यूमरच्या आत ऑक्सिजन कमी पडला की अनेक प्रकारच्या पेशी कार्बॉनिक ॲनहायड्रेज 9 हे विकर (एन्झाइम) वाढवतात आणि त्याच्या जोरावर आतली आम्लता आटोक्यात ठेवून तगतात. डायमॉक्सने ते विकर अडवलं तर पेशींची कोंडी व्हावी. मात्र प्रयोगशाळेत पेशींवर जेवढं औषध घालतात, तेवढं गोळीतून ट्यूमरपर्यंत पोचायला हवं ना? शिवाय डायमॉक्स फक्त या एका विकराला धरत नाही, त्याच्या भावंडांनाही अडवते. मूत्रपिंड, डोळा, तांबड्या पेशी, सगळीकडे तेच काम करते. म्हणून बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव बिघडते, पोटॅशियम उतरतं. स्टेरॉइड चालू असेल तर ते आणखी घसरतं.

'हॉस्पिटलात दिलीच होती की!' हो, पण मेंदूभोवतीचं पाणी कमी तयार व्हावं, नाकातून केलेल्या ऑपरेशनच्या जागेवर दाब पडू नये म्हणून. भाऊ वाकल्यावर नाकपुडीतून स्वच्छ, खारट पाणी टपकलं, किंवा ताप येऊन मान आखडली, तर गोळीच्या भरवशावर थांबू नका, लगेच न्या.

उरलेल्या कॉर्डोमासाठी आज खरा आधार जास्त मात्रेच्या किरणोपचाराचा. मेंदूचा देठ आणि डोळ्यांच्या नसा लगतच असतात, म्हणून ठरल्या खोलीवर थांबणारे प्रोटॉन किरण तिथे कामी येतात. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरिअलच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात ही सोय आहे. मडगावहून गाडीने पनवेलला उतरलात की जवळच. एमआरआयची सीडी आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट न्या. डायमॉक्सचा विषय तिथे जरूर काढा, एखादी चाचणी चालू आहे का तेही विचारा. सल्फाची ॲलर्जी किंवा मुतखडा असेल तर तेव्हाच सांगा. फार्मसीतून आणून परस्पर मात्र सुरू करू नका.