एक जीबीचा संसार

आमचे सासरे, अण्णा, नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. जन्मभर नोटांच्या गठ्ठ्यांत वावरलेला हा माणूस स्वतःच्या खिशातली नोट मात्र लेकीची पाठवणी करावी तशी बाहेर काढतो. निवृत्तीनंतर त्यांनी गोदाकाठची कुंडं, घाट आणि देवळं यांच्यावर वेबसाइट काढायचं मनावर घेतलं. सर्व्हर घेताना मी म्हणालो, "दोन जीबी मेमरीचा घेऊ." अण्णांनी चष्मा वर सरकवून दोन्ही भाव पाहिले. "एक जीबीत भागत नाही का?"

सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं? भागेल म्हणालो.

पहिला फोन श्रावणातल्या एका सकाळी सव्वासहाला आला. "जावईबापू, साइट बसली. डेटाबेसशी सोयरीक जुळत नाही असं काहीतरी इंग्रजीत आलंय." 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन'चं याहून चांगलं मराठी मी अजून ऐकलेलं नाही.

मायएसक्यूएल, म्हणजे साइटचा डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम, पुन्हा सुरू केलं, साइट उठली. दुपारी परत बसली. रात्री परत. तिसऱ्या दिवशी मी आळशी माणसाचा उपाय केला. दर पाच मिनिटांनी डोकावायचं आणि डेटाबेस मेला असेल तर उठवायचं, असा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा हुकूम, लावून टाकला. चक्कर कशाने येते ते न बघता तोंडावर पाणी मारत राहायचं, असा तो प्रकार. चार दिवस चाललाही. पाचव्या दिवशी अण्णांनी घड्याळ लावून ती पाच मिनिटं मोजली आणि फोन केला.

शेवटी डेटाबेसचा लॉग उघडला. त्यात मरणाचा उल्लेखच नाही! थेट पुढच्या जन्माची नोंद: सुरू झालो, मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो, डागडुजी करतोय. ज्याचा एका फटक्यात गळा आवळला, तो जबाब काय लिहून ठेवणार? पंचनामा सापडला तो कर्नलच्या, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याच्या, वहीत, डीमेसेजमध्ये. आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, मायएसक्यूएलडी.

लिनक्समध्ये ओओएम किलर नावाचा एक गृहस्थ आहे. एरवी झोपलेला असतो. मेमरी पार संपली की उठतो आणि साधारणपणे सगळ्यांत जास्त मेमरी धरून बसलेल्याला मारतो. गुन्हा कोणी केला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पंगतीला पाहुणे दाटीवाटीने बसलेत, जो तो चार-चार पोळ्या हाणतोय, आणि पीठ संपलं. आता घरात सगळ्यांत जास्त कणीक कोणाजवळ? जी लाटतेय तिच्याजवळ. मारा तिला!

इथे लाटणारी म्हणजे डेटाबेस आणि पाहुणे म्हणजे अपाचे, वाचकांना साइटची पानं पाठवणारा प्रोग्रॅम. त्याची एकेक प्रोसेस पीएचपीसकट चाळीसेक एमबी खात होती आणि उबंटू या आमच्या लिनक्सच्या मूळ फाइलीत एका वेळी १५० जणांना परवानगी होती. एक जीबीच्या घरात सहा जीबीची पंगत.

हे कळण्याआधी मी एक शहाणपणा केला होता. मायएसक्यूएल डेटा हाताशी ठेवतं त्या इनोडीबीच्या बफर पूलला मेमरीचा ७० टक्के वाटा द्यावा, असं कुठेसं वाचून तो १२८ एमबीचा ७०० केला. तो सल्ला ज्या सर्व्हरवर फक्त डेटाबेसच राहतो त्याच्यासाठी असतो, हे पुढचं वाक्य वाचायचं राहिलं. डेटाबेस आधी दिवसातून तीनदा मरायचा, आता तासाला मरू लागला.

अण्णांना सगळं समजावताना ओघात सांगितलं की मायएसक्यूएलमधलं 'माय' हे ते बनवणाऱ्या मोंटी विडेनियस यांच्या लेकीचं नाव. धाकटी मारिया, तिच्या नावाने पुढे मारियाडीबी निघालं. अण्णा गंभीर झाले. "म्हणजे रोज मरते ती कुणाची तरी लेक?" मग माझ्याकडे जरा रोखून बघत म्हणाले, "पाहुणे कमी करा."

अख्ख्या दुखण्याचं औषध हेच होतं आणि ते सासऱ्यांना आधी सुचलं, हे मी घरी अजून कबूल केलेलं नाही. १५०चे १० केले. बाहेर ताटकळणारे ताटकळतील, पण लाटणारी जगेल. मायएसक्यूएलच्या कामाची मोजदाद ठेवणारा परफॉर्मन्स स्कीमा बंद केला, बफर पूल परत १२८वर आणला. पाहुण्यांची यादी तपासली, तर गोदाभक्त थोडे आणि बाकी सगळे एक्सएमएलआरपीसी नावाच्या मागच्या दाराशी पासवर्ड चाचपत बसलेले बॉट. ते दार लावून घेतलं. वाचकसंख्या धाडकन उतरली. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग दोन जीबीची स्वॅप फाइल. स्वॅप म्हणजे घरातला माळा. ओट्यावर मावत नाही ते वर टाकायचं आणि लागलं की शिडी लावायची. वेळ लागतो, पण कुणाचा जीव जात नाही. सर्व्हर सुरू होताना काय काय जोडायचं त्या यादीत, एफएसटॅबमध्ये, तिची ओळ लिहायला मी विसरलो, त्यामुळे पुढच्या रीबूटनंतर माळाच गायब. पहाटेचा फोन पुन्हा एकदा आला.

आता अण्णा स्वतः मेमरीचा हिशेब दाखवणारी 'फ्री' कमांड चालवतात. पहिल्यांदा 'फ्री'च्या रकान्यात ६० एमबी बघून घाबरले होते. तो नाही, शेवटचा 'अव्हेलेबल'चा रकाना बघा, म्हटलं. कॅशेत गुंतलेली बरीचशी मेमरी वेळेला परत मिळते. अस्सल नाशिककर गोदेच्या पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो; अण्णांनी मेमरीलाही तेच माप ठरवून टाकलं. रोज संध्याकाळी मेसेज येतो: "दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला." एकदा "कमरेला" आला तेव्हा मी जेवणावरून उठलो.

महिनाभर साइट पडली नाही म्हणून परवा अण्णांनी सगळ्यांना मिसळ खायला नेलं. मी संधी साधून २०२७च्या सिंहस्थाचा विषय काढला. रामकुंडाची माहिती शोधत खरेखुरे पाहुणे येतील, आता तरी दोन जीबीचा घेऊ. तेवढ्यात पोऱ्याने न मागताच अण्णांच्या वाटीत रस्सा ओतला.

"याचे पैसे?" अण्णांनी विचारलं.

"रश्शाला नाही काका. पाव एक्स्ट्रा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "जावईबापू, आपण सर्व्हर यांच्याकडून का नाही घेतला?"