जंत, आयजीई आणि लेखातली माझी एक चूक

जंत आपली प्रतिकारयंत्रणा कशी शांत करतात यावर मी लेख लिहिला होता. त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी होती: ‘जंतांचं उदात्तीकरण करणारा लेख. एकदा म्हणता जंतांमुळे आयजीई वाढतं, लगेच म्हणता ॲलर्जी कमी होते. आयजीई हेच तर ॲलर्जीचं प्रतिपिंड, मग दोन्ही खरं कसं? आणि हे वाचून कुणी पोरांना जंताची गोळी देणं थांबवलं तर?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत आहे: गोळी द्यायचीच. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात, मुलांना पंडुरोग होतो, वाढ खुंटते. प्रतिकारयंत्रणेवरचा कुठलाही लेख, माझा धरून, हे बदलत नाही.

आयजीईचा प्रश्न मात्र चांगला आहे, आणि माझ्या लेखात त्याचं उत्तर नव्हतं. मी दोन वाक्यं शेजारी ठेवली आणि पुढे निघून गेलो.

जंत झाले की रक्तातलं एकूण आयजीई खूप वाढतं, पण त्यातलं बरंचसं जंताच्या विरोधातलं नसतंच, भरकटलेलं असतं. पूर्वी यावरून असं म्हणत की हे फालतू आयजीई मास्ट पेशींवरच्या (याच फुटल्या की ॲलर्जी उठते) सगळ्या जागा अडवून बसतं आणि परागकण किंवा धुळीतल्या किड्यांविरुद्धच्या आयजीईला जागाच उरत नाही. ऐकायला छान, पण एवढ्याने भागत नाही. गॅबनमध्ये शाळकरी मुलांवर झालेला अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना शिस्टोसोमा कृमींचा संसर्ग होता, त्यांच्या त्वचेवर धुळीतल्या किड्यांची चाचणी केली तर पुरळ कमी वेळा उठला. त्यांच्यात आयएल-10 हा दाह आवरणारा रेणू जास्त सापडला, आणि तो जितका जास्त तितकी पुरळाची शक्यता कमी. त्याच गटाने पुढे मुलांना जंतनाशक देऊन पाहिलं, तेव्हा त्वचेची प्रतिक्रिया वाढली. म्हणजे आयजीई असतं, पण मास्ट पेशी फुटून हिस्टामिन, म्हणजे खाज-सूज आणणारं रसायन, बाहेर पडेपर्यंत गोष्ट जात नाही. मध्ये नियामक टी पेशी (प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि आयएल-10 आडवे येतात. शिवाय जुन्या संसर्गात आयजीजी-4 नावाचं प्रतिपिंड वाढतं. आयजीई ज्या प्रथिनांना धरतं त्यांनाच ते आधी जाऊन चिकटतं आणि स्वतः काहीच गडबड करत नाही.

हे सगळं शरीर का करतं? जीवाणूसारख्या बारीक जंतूला पांढरी पेशी गिळू शकते, गोल जंत तर वीतभर लांब असतो. त्याला मारायचा तर आजूबाजूचं आतडंही भाजून निघणार. म्हणून शरीराचा भर त्याला हुसकावण्यावर असतो: आतड्यातल्या टफ्ट पेशींना त्याचा सुगावा लागतो, त्या आयएल-25 हा निरोप्या रेणू सोडतात, त्यातून पुढे आयएल-13 हा दुसरा निरोप्या तयार होतो, बुळबुळीत स्राव वाढतो, आतडं जोरात आकसतं. यातूनही तो टिकला तर तडजोड होते. आणि ही तडजोड जंत स्वतःच्या सोयीने लिहून घेतो. उंदरांच्या आतड्यातला एक कृमी असं प्रथिन सोडतो की ते आपल्या शरीरातल्या टीजीएफ-बीटा या प्रतिकार आवरणाऱ्या प्रथिनासारखंच काम करतं आणि टी पेशींना नियामक बनवतं, पण रचनेने त्याचं टीजीएफ-बीटाशी काही नातं नाही. उत्क्रांतीने ते वेगळ्याच कच्च्या मालातून घडवलंय. मला याचं कौतुक वाटतं हे कबूल, आणि लेखात ते कौतुक जरा उतू गेलं.

उदात्तीकरणाचा आरोप तिथे मान्य. अर्जेंटिनाचा अभ्यास मी रंगवून सांगितला: मल्टिपल स्क्लेरोसिसचे (यात प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूवर हल्ला करते) 12 रुग्ण जंत असलेले, 12 नसलेले, साडेचार वर्षांच्या आसपास पाहणी, जंतवाल्यांत आजार पुन्हा उफाळण्याचे 3 प्रसंग, इतरांत 56. पुढचं गाळलं. माणसांना मुद्दाम कृमी देऊन पाहिलं तेव्हा चित्र इतकं देखणं राहिलं नाही. डुकराच्या आतड्यातल्या व्हिपवर्म या कृमीची अंडी पाजण्याच्या प्रयोगात 2005 साली अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दाहाच्या 54 रुग्णांत आशा दिसली (सुमारे 43 टक्के सुधारले, नकली औषधावर 17), पण क्रोन्स या आतड्याच्याच दुसऱ्या दाहाच्या आजारात मोठी चाचणी झाली तेव्हा फरक दिसला नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या 71 रुग्णांची चाचणी 2020 साली प्रसिद्ध झाली. त्यात काहींना अंकुशकृमीच्या 25 अळ्या दिल्या होत्या. नियामक टी पेशी वाढल्या, पण एमआरआयवर दिसणारे नवे डाग कमी करण्याचं मुख्य उद्दिष्ट साधलं नाही.

आता चूक. ‘जंत असलेल्यांना दमा होत नाही’ हे माझं वाक्य सरळ चुकीचं आहे. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर अंकुशकृमींसोबत दम्याचा धोका कमी दिसतो, पण गोल जंतांसोबत वाढलेला दिसतो. गोल जंताच्या अळ्या फुप्फुसांतून जातात म्हणून, असं उत्तर लगेच सुचतं, पण अंकुशकृमीच्या अळ्याही त्याच वाटेने जातात! एक धागा असा आहे की गोल जंताचं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन धुळीतल्या किड्यांच्या ट्रोपोमायोसिनशी इतकं मिळतंजुळतं असतं की एकावरचं आयजीई दुसऱ्यालाही धरतं. ‘जंत’ या एका शब्दात मी निरनिराळे प्राणी कोंबले, घोळ तिथे झाला.

आणि तुम्ही न विचारलेली एक बाजू. ही शांतता फक्त ॲलर्जीपुरती राहत नाही. इक्वेडोरमध्ये गोल जंत असलेल्या मुलांना आधी अल्बेंडाझोल हे जंतनाशक दिलं, तर तोंडावाटे दिलेल्या कॉलऱ्याच्या लशीला प्रतिसाद सुधारला. इथिओपियात बीसीजी या क्षयाच्या लशीबाबत तसंच दिसलं. त्याहून भयंकर प्रकार स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या आतड्यातल्या कृमीचा. हा कृमी शरीरातल्या शरीरात पिढ्या काढतो, माणसाला दशकानुदशकं पत्ता नसतो. मग दुसऱ्याच कारणासाठी प्रतिकारयंत्रणा दाबणारी स्टेरॉइड सुरू होतात आणि अळ्या आतड्यातून अंगभर पसरतात, सोबत आतड्यातले जीवाणू रक्तात नेतात. यात माणसं दगावतात. वरून शांतता वाटत होती, आत कायमचा पहारा चालू होता. तो उठला.

दम्याचं वाक्य लेखात खोडून तसंच दिसत ठेवलं आहे, खाली दुरुस्ती लिहिली आहे. अर्जेंटिनाच्या परिच्छेदाला फसलेल्या चाचण्या जोडल्या आहेत. गोळीबद्दलची ओळ सगळ्यात वर टाकली आहे.